सीडीएन म्हणजे काय? वेबसाइटला कसे जोडायचे?
सीडीएन म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क. वेबसाइटच्या फोटो-व्हिडिओंच्या प्रती जगभरातल्या सर्व्हरवर ठेवणारी यंत्रणा. मूळ सर्व्हर अमेरिकेत असला, तरी पुण्यातल्या वाचकाला फोटो मुंबईतल्या सर्व्हरवरून मिळू शकतो. म्हणून तो लवकर उघडतो.

जोडणीसाठी मीडियाचे वेगळे सबडोमेन घ्या. डीएनएसमध्ये सीनेम नोंद करून ते सीडीएनच्या पत्त्याशी जोडा आणि फोटोंच्या लिंकमध्ये हेच सबडोमेन टाका. प्रत किती वेळ ठेवायची, हे मॅक्स-एज ठरवते : ८६४०० सेकंद म्हणजे एक दिवस.

एक लक्षात ठेवा. चुकीचा फोटो मूळ सर्व्हरवरून डिलीट केला, तरी ही मुदत संपेपर्यंत तो लोकांना दिसत राहू शकतो. अशा वेळी सीडीएनच्या डॅशबोर्डवरून ती प्रत ‘पर्ज’ करा. फोटो नुसता बदलायचा असेल, तर नव्या फाइलला नवे नाव द्या.