शंखाच्या कुळात वऱ्हाडचा कापूस

नांदुऱ्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. तरी ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ म्हणून ज्या शंखासाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात, त्याच्या कुळकथेत आमच्या काळीतल्या कापसाचा हात आहे, असं माझं ठाम मत आहे.

शंख कोनस मिल्नेएडवर्डसी या विषारी गोगलगायीचा. उंच, पायऱ्यापायऱ्यांचा कळस, पांढऱ्या अंगावर तपकिरी जाळी, जाळीत तंबूसारखे त्रिकोण. या कुळातल्या गोगलगायी पोकळ दात भाल्यासारखा मारून सावजात विष सोडतात. कोनस मॅगस या भाऊबंदाच्या विषावरून घडवलेल्या वेदनाशामकाला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आपला शंख २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसला.

त्याला शास्त्रीय नाव दिलं फ्रान्सच्या जूसोम यांनी, १८९४ साली. पाच वर्षांनी मेल्विल आणि स्टँडन या इंग्रज अभ्यासकांनी तोच शंख नवा समजून ‘कोनस क्लायटोस्पायरा’ म्हणून नोंदवला. नमुना मुंबईकडच्या अरबी समुद्रातला, आणणारा कॅप्टन टाउनसेंड. हा गृहस्थ समुद्रतळावरच्या तारायंत्राच्या तारा दुरुस्त करणाऱ्या जहाजावरचा! इथे माझं कुतूहल जागं झालं.

समुद्रात तार आली कशासाठी? इतिहासकार १८५७ कडे बोट दाखवतात. उठावाची बातमी लंडनला पोचायला आठवडे लागले, म्हणून सरकारने घाई केली. १८५९ ची तांबड्या समुद्रातली तार बिघडली, १८६४ ची इराणच्या आखातातली चालली. एवढं मला मान्य आहे. पण मधली वर्षं पाहा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी, लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, वऱ्हाडच्या गाठींना सोन्याचा भाव. १८६७ मध्ये रेल्वे नांदुऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये शेजारच्या जलंबहून खामगावच्या कापूस बाजाराला फाटा गेला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. त्याच वर्षी एडनहून मुंबईला थेट तार लागली. उठाव मोडून तोवर दशक उलटलं होतं आणि सरकारी निरोपांना आखाताची तार होतीच. मग मुंबईला दुसरी कशाला? लिव्हरपूलचा भाव लवकर कळावा म्हणून, दुसरं काय!

यावर बिनतोड वाटणारा आक्षेप असा, की टाउनसेंड आखाती तारखात्याचा, म्हणजे सरकारी तारेचा माणूस. असेना. त्या तारेवरूनही व्यापाऱ्यांचे सौदे जात होते, आणि व्यापाऱ्यांच्या पैशाविना असली खर्चीक तार वर्षानुवर्षं दुरुस्त करत राहणं सरकारला परवडलं असतं, हे मला पटत नाही.