दुर्गम वनप्रदेशातील जीप व तिचा स्टिअरिंग शाफ्ट : हेमलकसा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
गडचिरोली जिल्ह्याच्या इतिहासलेखनात साग, बांबू, जमीनदाऱ्या व माडिया गोंड समाज यांना स्थान मिळाले आहे. या प्रदेशात माणसे व औषधे वाहून नेणाऱ्या वाहनांचा विचार मात्र फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात जीपच्या स्टिअरिंग शाफ्टच्या अनुषंगाने हा विचार केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :
बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्पाची स्थापना केली, तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. आलापल्लीपासून हेमलकसा सुमारे ६० किलोमीटर. वाटेत दाट जंगल व नाले. पावसाळ्यात पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्या फुगल्या की भामरागड परिसराचा संपर्क तुटे. रुग्ण खाटेवर निजवून खांद्यावरून आणले जात. अशा ठिकाणी वाहन बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हती.

जीपची रचना :
स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत विलीज जीपची जुळणी महिंद्र कंपनीने सुरू केली. या जुन्या जीपमध्ये स्टिअरिंगचे चाक आणि खालची पेटी यांना जोडणारा शाफ्ट एकसंध असे. त्याच्या खालच्या टोकाला नागमोडी खाचेचा कॅम पक्का बसविलेला असे व त्या खाचेत दोन खुंट्यांचा लिव्हर फिरे. त्यामुळे कॅम झिजला की संपूर्ण शाफ्टच बदलावा लागे आणि त्यासाठी पेटी उतरवावी लागे.

तथापि चाकात 'प्ले' आला म्हणजे दोष शाफ्टचाच, असे समजणे चुकीचे ठरते. पेटीतून निघणारी ओढ पुढील आडव्या तुळईवरील बेलक्रँकमार्फत दोन्ही चाकांकडे जाई. खड्ड्यांचे धक्के व नाल्यांतील रेतीमिश्रित पाणी यांमुळे बेलक्रँकची पिन व बेअरिंग बहुधा आधी झिजत. म्हणूनच जाणता मिस्त्री एकाला चाक हलके डावी-उजवीकडे हलवायला सांगतो आणि स्वतः गाडीखाली जाऊन कोणता सांधा उशिरा हलतो ते पाहतो. निदान न करता शाफ्ट बदलणे म्हणजे पैसा व दिवस दोन्ही वाया घालविणे होय. खेड्यात दिवसाचे मोल अधिक, हे वेगळे सांगावयास नको.

सुधारित शाफ्ट :
पुढील काळातील वाहनांत शाफ्टचे तुकडे करून मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत 'क्रॉस', आणि एकमेकांत सरकणाऱ्या खाचा आल्या. उबडखाबड वाटेवर चासी पिळली जाते, तेव्हा सलग शाफ्टवर ताण येतो. सांध्यांचा शाफ्ट तो सामावून घेतो. समोरून धडक बसल्यास सलग दांडा चालकाच्या छातीवर येण्याचा धोकाही कमी होतो. अमेरिकेत याविषयीचा नियम १९६८ पासून लागू झाला. जुन्या बांधणीच्या जीप आपल्याकडे त्यानंतरही दीर्घकाळ धावत राहिल्या.

जुन्या जीपला नवा शाफ्ट बसविताना दोन चुका संभवतात. दोन्ही क्रॉसचे काटे एका रेषेत नसतील तर चाक एका जागी हलके, दुसऱ्या जागी जड फिरते. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. आखूड शाफ्ट वेल्डिंगने लांबविण्याचा मोह रस्त्याकडेच्या गॅरेजात होतो. असा जोड बाहेरून शाबूत दिसतो, परंतु आत तडा गेलेला असू शकतो. तो तुटताच चाक चालकाच्या हाती राहते आणि गाडीला दिशा उरत नाही. त्यापेक्षा योग्य मापाचा भाग चंद्रपूर किंवा नागपूरहून येईपर्यंत थांबणे श्रेयस्कर, मग त्यात आठवडा का जाईना. पावसाळ्यात तो आठवडा किती लांबे, याचे उत्तर नदीच्या पाण्यावर अवलंबून असे. म्हणून अशा वाहनाची तपासणी पावसाळ्यापूर्वीच, रस्ता खुला असताना करणे भाग होते.