गिरणगाव : राजकीय आस्थेची घडण आणि ओहोटी

काही लोक राजकारणात जीव ओततात आणि इतर त्याकडे पाठ फिरवतात, याचे कारण बहुधा व्यक्तीच्या स्वभावात, शिक्षणात किंवा घरातील संस्कारांत शोधले जाते. मुंबईतील परळ, लालबाग, भायखळा, वरळी, नायगाव आणि डिलाइल रोड या कापडगिरण्यांच्या वस्तीचा, म्हणजेच गिरणगावाचा, इतिहास पाहिला असता हे उत्तर अपुरे ठरते. येथे बहुसंख्येने आलेला माणूस रत्नागिरी, सातारा, पुणे आणि कोल्हापूर या भागांतील अल्पभूधारक किंवा भूमिहीन शेतकरी होता. त्याला फारसे शिक्षण नव्हते आणि दीर्घकाळ मताधिकारही नव्हता. तरीही दोन-तीन पिढ्यांत हाच वर्ग देशातील राजकीयदृष्ट्या सर्वाधिक सक्रिय समूहांपैकी एक झाला, आणि गिरण्या बंद पडल्यानंतर ती आस्था तितक्याच वेगाने विरळ झाली.

कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेव येथील गिरणीत 1856 मध्ये उत्पादन सुरू झाले, तेव्हापासून पुढची तीन दशके कामगारांच्या तक्रारी खात्यापुरत्या आणि जॉबरपुरत्या मर्यादित राहिल्या. जॉबर म्हणजे कामगारांची भरती करणारा व त्यांच्यावर देखरेख ठेवणारा मुकादम. नोकरी, रजा, उसनवारी आणि कित्येकदा राहण्याची जागाही त्याच्या मर्जीवर अवलंबून असल्याने सरकारपेक्षा जॉबरशी जुळवून घेणे हेच शहाणपणाचे ठरत असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार करून ही चौकट प्रथम ओलांडली, आणि 1890 मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाल्यावर सामूहिक मागणीतून रोजचे जीवन बदलू शकते हे कामगारांनी अनुभवले. त्याच काळात अनेक राष्ट्रीय वृत्तपत्रे कारखाना कायद्याला लँकेशायरच्या गिरणीमालकांचा डाव समजून विरोध करीत होती, त्यामुळे सुशिक्षितांचे राजकारण आणि गिरणीतील माणसाचे हित यांत अंतर राहिले.

हे अंतर 1908 मध्ये काही काळ मिटले. स्वदेशी व दारूबंदीच्या सभांतून बाळ गंगाधर टिळक कामगारवस्तीत पोहोचले होते, आणि 22 जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर वर्षाला एक दिवस या हिशेबाने कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. हा संप मजुरीसाठी नव्हता. परंतु त्यामागे टिकाऊ संघटना नसल्याने तो उसळला आणि शमला.

टिकाऊ आस्था घडवण्याचे काम वस्तीच्या रचनेने केले. एका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने झोपत असल्याने उरलेला वेळ चाळीच्या गॅलरीत, नाक्यावर, व्यायामशाळेत किंवा मैदानात जाई. बहुसंख्य पुरुषांची कुटुंबे गावी असल्यामुळे ते खानावळीत, म्हणजे जेवण करून देणाऱ्या एखाद्या बाईच्या घरी महिन्याच्या हिशेबाने, जेवत. त्या पंगतीत गावची पत्रे, गिरणीतील भांडणे आणि वृत्तपत्रातील मजकूर एकत्र येई, आणि ज्याला वाचता येत नसे त्याला दुसऱ्याने वाचून दाखवलेले ऐकता येई. रोज सकाळी फाटकाशी बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी दिवसापुरते घेतले जाणारे मजूर, ताटकळत उभे असल्याने फाटक ही सभेची आयती जागा झाली. राजकारण कानावर पडू न देणे तेथे कठीण होते.

या भूमीवर 1928 चा सार्वत्रिक संप उभा राहिला. विणकराने दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, चालवावेत अशा ‘कार्यक्षमते’च्या योजनांनी रोजगार घटेल हे उघड होते, आणि एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. संपातच स्थापन झालेल्या ‘गिरणी कामगार युनियन’चे, म्हणजे लाल बावट्याचे, अध्यक्षपद अर्जुन आत्माराम आळवे या कामगाराकडे आले, श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे सुशिक्षित नेते त्यांच्याबरोबर होते. वर्षअखेरीस सभासदसंख्या 54,000 वर गेली. या युनियनचे वेगळेपण गिरणी समित्यांत होते: प्रत्येक गिरणीतील कामगारांनी निवडलेली ही समिती तक्रार ऐके, जॉबरला जाब विचारी आणि वर्गणी गोळा करी. 1919 च्या सुधारणांनी मालमत्तेवर आधारलेला मताधिकार बहुतेक कामगारांना नाकारला होता. समितीत मात्र कामगाराच्या शब्दाचा परिणाम त्याच आठवड्यात दिसे.

अलिप्ततेचा अर्थही याच काळात तपासता येतो. सूत तुटल्यावर धोट्यातून ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विटाळाच्या कल्पनेने अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न 1928 च्या संपाच्या नेत्यांपुढे ठेवला, आणि 1929 च्या संपाला विरोध केला. त्यामुळे लाल बावट्याच्या दृष्टीने उदासीन दिसणारा हा समूह प्रत्यक्षात दुसऱ्या व्यासपीठावर जागरूक होता, आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एकदिवसीय संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट एकत्र येताच तो अग्रभागी राहिला. याउलट 1929 चा संप फसल्यावर आणि त्याआधी मीरत कटाच्या खटल्यात नेते पकडले गेल्यावर युनियनची सभासदसंख्या झपाट्याने घसरली, यावरून पराभवाचा थकवाही अनास्थेला जन्म देतो असे दिसते.

पुढील पिढीत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या कलापथकांनी तमाशा व पोवाडा या परिचित प्रकारांतून राजकारण मैदानात आणले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव आघाडीवर राहिले, आणि 1957 च्या निवडणुकीत डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले. 1966 नंतर शिवसेनेने व्यायामशाळा, उत्सव मंडळे आणि नाके याच जागा आपल्याकडे वळवल्या. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या हत्येनंतर 1970 मध्ये झालेल्या परळच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक विजयी झाले. पक्ष बदलला, परंतु आस्था उत्पन्न करणारी यंत्रणा तीच राहिली.

ही यंत्रणा 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संपानंतर मोडली. सुमारे अडीच लाख कामगारांचा हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. औद्योगिक संबंधांविषयीच्या 1946 च्या कायद्याने मान्यता एकाच संघटनेला दिलेली असल्याने बहुसंख्यांच्या इच्छेला कायदेशीर वाट उरली नव्हती. सामंत 1984 मध्ये लोकसभेवर निवडून आले, तरी सर्व गिरण्या पूर्ववत सुरू झाल्या नाहीत. अनेक कामगार गावी परतले, काही उपनगरांत पांगले, आणि 1991 व 2001 च्या विकास नियमांनी मोकळ्या झालेल्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. फाटक, खानावळ आणि नाका यांच्याबरोबर रोजची राजकीय चर्चाही संपली.

यावरून निष्कर्ष असा निघतो की राजकीय आस्थेला तीन आधार लागतात: सत्तेच्या निर्णयाचा रोजच्या भाकरीशी दिसणारा संबंध, सारख्याच स्थितीतील माणसे नित्य भेटतील अशी जागा, आणि बोललेल्या शब्दाचा काही परिणाम होतो हा अनुभव. हे आधार काढून घेतल्यावर उरणाऱ्या अनास्थेची जबाबदारी केवळ नागरिकाच्या स्वभावावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.