दिवास्वप्नातली कोकण रेल्वे

लांबच्या प्रवासाचे दिवास्वप्न पाहू लागलो, की आम्ही हटकून कोकण रेल्वेतच जाऊन बसतो. रोहा मागे पडते, खिडकीत भातखाचरे येतात, रत्नागिरीजवळ पानवलचा ६४ मीटर उंच पूल लागतो. या स्वप्नात गाडी कधीच अंधारात शिरत नाही.

वस्तुतः रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरांच्या मार्गावर ९१ बोगदे आहेत; त्यांची एकत्रित लांबी सुमारे ८४ किलोमीटर. एकटा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरांचा. म्हणजे प्रवासाचा जवळजवळ नववा हिस्सा आम्ही मनातून वगळून टाकतो.

या मार्गाचा इतिहासही स्वप्नापासूनच सुरू होतो. मुंबईच्या चाकरमान्याने गावी जाताना बोटीत आणि एस.टी.त बसून ते पाहिले. मधु दंडवते यांनी ते संसदेत लावून धरले. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. कातळ फोडताना, ढासळत्या मातीशी झुंजताना अनेक कामगार मृत्युमुखी पडले. स्वप्न पाहणाऱ्यांची नावे आम्हांला पाठ आहेत. बोगदे खोदणाऱ्यांची नाहीत.

प्रवासवर्णनांच्या वाचकांना ही खोड परिचित असेल: दृश्य उरते, श्रम गळून जातात. इतिहासाला मात्र ही सवलत नाही. म्हणून यापुढे स्वप्नातदेखील करबुडे टाळायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.