पेड तेच, वेणी नवी

१९ फेब्रुवारी २००८. टोकियोत तोशिबाचे अध्यक्ष अत्सुतोशी निशिदा यांनी जाहीर केलं, की कंपनी एचडी डीव्हीडी या सिनेमाच्या तबकडीचा धंदा गुंडाळत आहे. त्याआधी दीड महिना, ४ जानेवारीला, वॉर्नर ब्रदर्सने आपले सिनेमे यापुढे फक्त ब्लू-रे या प्रतिस्पर्धी तबकडीवर काढायचं ठरवलं होतं. तेव्हापासूनच या लढाईत जीव उरला नव्हता. मार्च २००६ मध्ये बाजारात आलेली एचडी डीव्हीडी दोन वर्षांची व्हायच्या आतच संपली.

कंपनीने हिशेब मिटवला, पण लोकांच्या कपाटातल्या तबकड्यांचं काय? प्लेअर आज ना उद्या बिघडणार, नवा मिळणार नाही. ब्लू-रेच्या प्लेअरमध्ये ही तबकडी चालत नाही. तिथूनच काही हौशी, चिकाट मंडळींनी प्रश्न घेतला: एचडी डीव्हीडीवरचा सिनेमा ब्लू-रेवर नेता येईल का, आणि तोही चित्राच्या एका ठिपक्याला हात न लावता? आला. या कामाला ‘रीमक्स’ म्हणतात. या शब्दाचं कूळ मात्र तबकड्यांपेक्षा सव्वाशे वर्षांनी जुनं आहे.

आधी ‘हात न लावता’ हा हट्ट कशासाठी, ते पाहू. हाय डेफिनिशनच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. सिनेमाची सेकंदाला २४ चित्रं धरली आणि रंगाची माहिती नेहमीप्रमाणे थोडी कमी करून साठवली, तरी दर सेकंदाला सुमारे ७५ एमबी होतात. दोन तासांच्या सिनेमाचे होतात सुमारे ५३७ जीबी. एचडी डीव्हीडीच्या दोन थरांत मिळून जागा ३० जीबी, ब्लू-रेच्या दोन थरांत ५०. म्हणून चित्र दाबून बसवावं लागतं. दाबताना डोळ्याला सहसा कळणार नाही असा तपशील टाकून दिला जातो, आणि एकदा टाकलेला परत येत नाही. हेच चित्र उलगडून दुसऱ्यांदा दाबलं, तर आधीच उणं झालेलं आणखी उणं होतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरं जशी पसरतात, तसंच. शिवाय दोन तासांचं चित्र पुन्हा दाबायला त्या काळच्या घरगुती संगणकाला रात्र पुरत नसे.

आता गंमत अशी, की दोन्ही तबकड्यांनी चित्र दाबण्याच्या त्याच तीन पद्धती मान्य केल्या होत्या: एमपेग-२, एच.२६४ आणि व्हीसी-१. दोन्हींचा लेझरही एकच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. म्हणजे माल तोच होता. फरक होता तो माल बांधण्याच्या रीतीत.

ही बांधणी म्हणजे काय? सिनेमाच्या फाइलीत चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचे दोन-चार, सबटायटल्सचे आणखी काही. हे प्रवाह एकामागून एक ठेवून चालत नाहीत. आधी सगळं चित्र आणि मग सगळा आवाज असं केलं, तर प्लेअरला तबकडीभर धावाधाव करावी लागेल. म्हणून चित्राचा थोडा भाग, आवाजाचा थोडा, पुन्हा चित्राचा, असं गुंफावं लागतं. इंग्रजीत याला ‘मल्टिप्लेक्सिंग’ आणि लाडाने ‘मक्सिंग’ म्हणतात. आपल्याकडे मल्टिप्लेक्स म्हटलं की पॉपकॉर्नचे भाव आठवतात, पण शब्द तोच आहे. त्यातल्या ‘प्लेक्स’चं मूळ घडी घालणं, पेड गुंफणं या अर्थाच्या जुन्या धातूत सापडतं. मराठीत याला ‘बहुपेडी’ म्हणता येईल. मक्स करणं म्हणजे वेणी घालणं, डीमक्स म्हणजे ती सोडणं, आणि रीमक्स म्हणजे तेच केस घेऊन दुसऱ्या घाटाची वेणी घालणं. कात्रीचं काम नाही.

पहिली वेणी तारेवर घातली गेली. फ्रान्सच्या तारखात्यातले एमिल बोदो यांनी १८७४ साली आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. तार एक आणि तिच्यावर संदेश पाठवणारे अनेक, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी एक गोल तबकडी बसवली. तिच्यावरचा ब्रश फिरता फिरता प्रत्येक तारमास्तराला क्षणभर तार जोडून देई. मास्तरापुढे पाच कळा. पाळी आली की यंत्र ‘टक्’ करून खूण करी आणि त्याच ठेक्यात अक्षर दाबावं लागे. ठेका चुकला की अक्षर शेजाऱ्याच्या संदेशात जाण्याची भीती. पलीकडच्या टोकाला तशाच तबकडीवरचा ब्रश त्याच गतीने फिरत असे आणि प्रत्येकाचा संदेश त्याच्या त्याच्या कागदी फितीवर उतरवी. वेळ वाटून घ्यायची आणि दोन्ही टोकांची घड्याळं जुळवायची, या दोनच गोष्टींवर आजही चित्र-आवाजाची मक्सिंग उभी आहे. संदेशवहनाच्या वेगाला ‘बॉड’ हे माप मिळालं, ते बोदो यांच्याच नावावरून.

तारेवरून उडी थेट १९८८ सालावर. इटलीचे लिओनार्दो किआरिल्योने आणि जपानचे हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने एमपेग हा तज्ज्ञांचा गट जमला. चित्र आणि आवाज कसे दाबायचे एवढंच नाही, तर ते कसे गुंफायचे हेही या गटाने ठरवलं. एमपेग-२ मध्ये त्यांनी एकाच घराण्यात दोन भाऊ जन्माला घातले. पहिला ‘प्रोग्राम स्ट्रीम’, तबकडीसारख्या भरवशाच्या जागेसाठी. दुसरा ‘ट्रान्सपोर्ट स्ट्रीम’, हवेतून किंवा केबलमधून जाणाऱ्या प्रक्षेपणासाठी, जिथे वाटेत काहीतरी गळणार हे गृहीतच धरायचं असतं. म्हणून ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचे तुकडे लहान, प्रत्येकी १८८ बाइटचे. हा विचित्र आकडा टेलिफोनवाल्यांच्या सोयीचा होता: त्यांच्या तेव्हाच्या एटीएम जाळ्यात (पैशाचं यंत्र नव्हे) एका डब्यात ४७ बाइट माल मावत असे, आणि चार डब्यांचे होतात १८८.

दोन्ही भावांना जोडणारी गोष्ट म्हणजे घड्याळ. चित्र असो की आवाज, प्रत्येक तुकड्याच्या कपाळावर तो कधी दाखवायचा वा ऐकवायचा याची वेळ लिहिलेली असते, सेकंदाचे ९०,००० भाग करून. हा आकडा साडेसव्वीस तासांनी भरून वाहतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ओठ आणि शब्द जुळतात ते या घड्याळामुळे. वेणी सोडून पुन्हा घालणाऱ्याने बाकी काहीही करावं, हे शिक्के बिघडवू नयेत.

डीव्हीडीने पहिल्या भावाला, म्हणजे प्रोग्राम स्ट्रीमला, घरी आणलं. तिच्या तबकडीवरची एक खोली, म्हणजे सेक्टर, २०४८ बाइटची. म्हणून प्रवाहाचे गठ्ठेही २०४८ बाइटचे बांधले. एचडी डीव्हीडी ही डीव्हीडीचीच लेक, तिने आईची रीत पुढे चालवली. ब्लू-रेचं माहेर वेगळं. सोनीचं पहिलं ब्लू-रे यंत्र, बीडीझेड-एस७७, एप्रिल २००३ मध्ये जपानात आलं. किंमत साडेचार लाख येन. ते सिनेमे विकण्यासाठी नव्हतं, तर उपग्रहावरून येणारे एचडी कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी होतं. हवेतून येतो ट्रान्सपोर्ट स्ट्रीम. तो आला तसा उतरवून घ्यायचा. फक्त एक अडचण होती. प्रक्षेपणातली रिकामी पाकिटं, म्हणजे १८८ बाइटचे रिकामे तुकडे, रेकॉर्ड करण्यात जागा वाया जाते, आणि ती गाळली तर पाकिटांमधलं वेळेचं अंतर हरवतं. म्हणून प्रत्येक १८८ बाइटच्या पुढे ते पाकीट केव्हा पोचलं हे सांगणारे चार बाइट जोडले. झाले १९२. अशी ३२ पाकिटं म्हणजे ६१४४ बाइट, म्हणजे बरोबर तीन सेक्टर. हिशेब चोख.

हे डोळ्यांनी पाहता येतं. फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणारा एखादा प्रोग्रॅम घ्या आणि ब्लू-रेची कुलूप नसलेली ‘एमटूटीएस’ फाइल उघडा. चार बाइट सोडून पाचव्या जागी इंग्रजी ‘जी’ हे अक्षर दिसेल. १९२ घरं पुढे जा, पुन्हा ‘जी’. आणखी १९२, पुन्हा ‘जी’. ही त्या पाकिटांची खूणगाठ. एचडी डीव्हीडीची ‘ईव्हीओ’ फाइल उघडली तर ही लय नाही. तिथे दर २०४८ बाइटला शून्य, शून्य, एक आणि मग ‘बीए’ अशी चौकडी भेटते. बाकीच्या आकड्यांच्या रानात चित्र मात्र दोन्हीकडे त्याच भाषेत लिहिलेलं असतं.

म्हणून हौशी लोकांनी केलं ते असं. ईव्हीओची वेणी सोडून चित्र वेगळं, आवाज वेगळा काढायचा आणि १९२च्या पाकिटांत पुन्हा गुंफायचा. ‘ईएसीथ्रीटू’ आणि ‘टीएसमक्सर’ ही तेव्हाची नावाजलेली अवजारं. चित्रात बहुधा एकच दुरुस्ती लागे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असला, तरी एचडी डीव्हीडीवर तो टीव्हीच्या गतीला जुळवण्याच्या सूचनांसह ठेवलेला असे: हे चित्र थोडं जास्त वेळ दाखव, ते नेहमीइतकं. ब्लू-रेला २४ची चाल थेट समजते. मग त्या सूचना पुसायच्या. चित्र नाही, फक्त सूचना.

आवाजाने मात्र जकात घेतली. एचडी डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल प्लस हमखास असे. ब्लू-रेवर तो ऐच्छिक, आणि चालायचा तर आत साधा डॉल्बी डिजिटलचा गाभा हवा. एचडी डीव्हीडीच्या आवाजात तो गाभा नव्हता. त्यामुळे आवाज उलगडून एक तर साध्या डॉल्बीत पुन्हा दाबावा लागे किंवा न दाबता, भरपूर जागा देऊन ठेवावा लागे. डॉल्बी ट्रूएचडी काहीही न गमावता दाबलेला असल्याने तो तसाच नेता येई. सोबतीला साध्या डॉल्बीचा जोडप्रवाह तेवढा बनवायचा. मेन्यू मात्र आलेच नाहीत. एकीकडे ते मायक्रोसॉफ्टच्या एचडीआय पद्धतीने लिहिलेले, दुसरीकडे अनेकदा जावात. सिनेमा नव्या घरी आला, दारावरची पाटी जुन्या घरीच राहिली.

आणि कुलूप? दोन्ही तबकड्यांना एएसीएस नावाचं एकच कुलूप होतं. ते काढल्याशिवाय वेणीला हात घालता येत नाही, आणि ते काढणं अनेक देशांत कायद्याच्या कचाट्यात येतं. भारतातही कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आलं; हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा गुन्हा आहे. तंत्र निर्दोष असलं तरी माल कोणाचा, हा प्रश्न सुटत नाही.

स्वतःच्या मालाला मात्र कुलूप नसतं, आणि रीमक्सचा खरा उपयोग तिथेच होतो. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी ही कॅमेऱ्यांची पद्धत आणली. तिची बांधणी ब्लू-रेच्याच घराण्यातली: आत एच.२६४ चित्र, बाहेर १९२ बाइटची पाकिटं, फाइलीचं नाव ‘एमटीएस’. पुढे किती तरी लग्नं अशा कॅमेऱ्यांवर उतरली. माझ्या भाचीचंही. कार्डावरच्या फाइली घरच्या टीव्हीला कळेनात, म्हणून मी त्या एका दुकानात दिल्या. ‘कन्व्हर्ट करावं लागेल, उद्या या,’ असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी हाती आलं ते चाललं खरं, पण अक्षतांच्या वेळी मांडवभर उडालेले तांदूळ म्हणजे नुसता राखाडी धूर. मूळ फाइलीत दाणे दिसत होते. मग घरीच एफएफएमपेग वापरला. हा प्रोग्रॅम फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केला, आणि त्याला ‘-सी कॉपी’ एवढं सांगितलं की तो चित्र उलगडत नाही, फक्त बांधणी बदलतो. चहा उकळायच्या आत काम झालं. चित्र तेच, वेष्टन एमपी-४चं. टीव्हीने मुकाट्याने लावलं.

वेष्टन एमपी-४चंच हवं असं नाही. २००२ च्या अखेरीस निघालेल्या मात्रोस्का, म्हणजे ‘एमकेव्ही’, या खुल्या बांधणीचं नाव पोटात बाहुली असलेल्या रशियन बाहुलीवरून आलं आहे. हवे तितके आवाज, हवी तितकी सबटायटल्स तिच्यात मावतात. आज तबकड्यांवरून उतरवलेले बहुतेक सिनेमे याच बाहुलीच्या पोटात राहतात.

तेव्हा घरातल्या जुन्या व्हिडिओसाठी कोणी ‘कन्व्हर्ट करू’ म्हणालं, तर आधी विचारा: चित्र पुन्हा दाबणार, की नुसतं वेष्टन बदलणार? वेष्टन बदलून भागत असेल तर दुसरं काही करू देऊ नका. आणि नवी फाइल शेवटपर्यंत पाहून, ओठ आणि आवाज जुळतात याची खात्री झाल्याशिवाय जुनी पुसू नका.