चुन्याची निवळी आणि चार पर्याय

आजच्या अहिल्यानगर, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यात १९४७ साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. १९८०च्या दशकात लोणीला अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये आली. शिक्षण घराजवळ आले. प्रवेशाची वाट मात्र बदलत गेली.

नव्वदच्या दशकात हा प्रवेश बारावीच्या गुणांवर ठरे. त्यात प्रात्यक्षिकाचे गुणही धरत, म्हणून क्षार ओळखण्यापुरती का होईना, मुले परीक्षानळी हातात घेत. (हे गुण किती सढळ हाताने पडत, तेही आपण जाणतो.) वैद्यकीयसाठी १९९९पासून आणि अभियांत्रिकीसाठी २००४पासून सीईटी आली. आज सीईटीत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, नीटमध्ये ४५, सारे बहुपर्यायी. प्रात्यक्षिकाचे ३० गुण उरले ते पात्रतेपुरते.

यात काय हरवते? चुन्याची निवळी कशाने दुधाळ होते असे विचारले, की मुले झटकन ‘कार्बन डायऑक्साइड’ म्हणतात. पण सल्फर डायऑक्साइडनेही ती दुधाळ होते! प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०चा. साखर या जिल्ह्याला नवी नाही. सल्फिटेशन पद्धतीत उसाच्या रसात चुना घालून हाच वायू सोडतात. कॅल्शियम सल्फाइटचा साका मळ घेऊन खाली बसतो, रस निवळतो.

मग हे दोन वायू ओळखायचे कसे? आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटने भिजवलेला कागद चिमट्याने वायूत धरावा. नारिंगीचा हिरवा झाला, तर तो सल्फर डायऑक्साइड. आम्ही हा प्रयोग जूनमध्येच, मुलांची क्लासची वेळापत्रके लागण्याआधी, उरकून घेतो.