बोरूचा हात आणि माऊसच्या खिडक्या

साल १९४०. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात आहे. गोदाकाठच्या एका गावात पटवाऱ्याच्या ओसरीवर तुम्ही मांडी घालून बसला आहात. त्यानं आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढली. आता बोरू फारसा न उचलता मोडी अक्षरं त्या रेघेखाली भराभर उतरताहेत. मनगट कागदावर टेकलेलं. आकडा चुकला, त्यानं काट मारली, वर नवा लिहिला. लिहिणं, खोडणं, खूण करणं, सगळं एकाच बोरूनं.

चला १९९२ मध्ये. अमेरिकेतल्या गो कंपनीच्या पेनपॉइंट प्रणालीवर चालणारा पेनाचा संगणक तुमच्या हातात आहे. पडद्यावर वही उघडते. शब्दावर फुली मारलीत की तो नाहीसा होतो. पटवाऱ्याला हे फारसं शिकवावं लागलं नसतं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं मात्र प्रचलित विंडोजलाच पेन जोडून दिला. १९९४ मध्ये गो बंद पडली. जोडकामाची वाट पुढे चालू राहिली.

आता २००२. तुम्ही परभणी शहरात आहात, मांडीवर टॅब्लेट पीसी, त्यात विंडोज एक्सपीची खास आवृत्ती. फाइल उघडायला पेनानं नेमक्या एकाच जागी दोनदा टोकायचं. टोक जरा सरकलं की फाइल ढिम्म. मेनू उघडतो तो कधीकधी तुमच्याच हाताखाली झाकला जातो. राइट क्लिक हवं तर टोक दाबून थांबायचं. माऊसचं तसं नाही: तो टेबलावर असतो, त्याचा बाण पडद्यावर. हात नजरेच्या आड येत नाही. ही सारी रचना त्या बाणासाठी झालेली. हातानं टिपणं लिहायचं ‘जर्नल’ उघडता आणि कोरं पान मिळताच हात मोकळा होतो. मराठीत नाव लिहिता, रेघा उमटतात. पण प्रणालीला त्यातलं एक अक्षरही ओळखता येत नाही.

माऊससाठी रचलेली प्रणाली पेनाला पुरत नाही, हे या प्रवासात हातालाच कळतं. पेनाच्या संगणकात पान आधी हवं, मेनू नंतर. आणि मराठी अक्षराची ओळख पहिल्या दिवसापासून हवी. म्हणून आज पेनाचा संगणक घ्यायला जाल तेव्हा दुकानातच त्यावर मराठीत एक ओळ लिहा, एक शब्द काटून पाहा. मेनू न शोधता हे जमलं, तरच पैसे मोजा.